न वाचलेली माफी

बू वार्सिनीचं बोट तिच्या फोनला ओळखू येत नसे. उभा जन्म हळद, आलं नि केंचूरची मुळं किसण्यात, वाटण्यात, पिळण्यात गेलेला. बोटांच्या रेघा कधीच झिजल्या होत्या आणि उरलेली कातडी पिवळीधमक झाली होती. फोनच्या पाठीवरच्या खळग्यावर ती बोट टेकवायची, आणि फोन थरथरून नकार द्यायचा.

"बघ, परत म्हणतोय, ही बाई कोण!" ती सुनेला सांगायची.

"रोज एक पेला पाजा त्याला, बू. ओळख ठेवील," एंदाह म्हणायची.

न्गुतेरच्या बाजारात अर्धी दुकानं जामूची. मुळं, साली, बिया, आणि त्यांचे बाटल्यांतले काढे. बू वार्सिनीचं तिथे एक बाकडं होतं. बाकड्यावर बाटल्या, बाटल्यांना केळीच्या पानाचे बोळे, आणि बोळ्यांमागे ती, ठेंगणी, कमरेला घट्ट कापड गुंडाळलेली, बोलण्यात तिखट. तरुणपणी हीच टोपली पाठीवर बांधून ती जकार्ताच्या गल्ल्यांत फिरली होती. नवरा तिथेच भेटला, मुलगा तिथेच झाला. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तशी ती त्याला घेऊन गावी परतली आणि शेवटपर्यंत त्याचं केलं. आता मुलगा विबोवो बाताम बेटावर जहाजांच्या कारखान्यात, सून एंदाह आणि छोटी नात तिच्याजवळ. फोन विबोवोचाच, जुना झाला म्हणून आईकडे आलेला. गिऱ्हाइकंही तिला 'बू', म्हणजे आई, म्हणत; त्यावर सांगत, "बू, उद्या चिंच-हळदीच्या दोन बाटल्या." आणि संध्याकाळी त्यातच विबोवोचा चेहरा उगवायचा, मागे वेल्डिंगच्या ठिणग्या.

त्या फोनवर एका सकाळी पिवळी पट्टी आली. गप्पांचं ॲप जुनं झालंय, थोड्याच दिवसांत बंद पडेल, अपडेट करा. बू वार्सिनीनं पट्टी दाबली. एक गोल फिरायला लागला, फिरत राहिला, आणि थांबला. काही झालं नाही. परत दाबली, परत तेच.

"एंदाह! हे घाण्याच्या बैलासारखं फिरतंय नुसतं. तेल काही निघत नाही."

एंदाहनं पोरीची वेणी अर्धवट सोडली आणि फोन हातात घेतला. फोनमधलं तिला कळे, आणि कळतं हेही तिला कळे.

"आधी बंद करून चालू करू."

बंद केला, चालू केला. गोल फिरला.

"नेट बघू. आहे की. शेजारच्यांचं वायफाय घेऊ. पासवर्ड बदलला का मेल्यांनी? नाही, लागलं." गोल फिरला. "मग तारीख चुकीची असेल. तारीख चुकली की हे ॲपचं दुकान रुसून बसतं."

"तारखेवरनं रुसायला ते काय माझा नवरा लागतं?"

तारीख बरोबर होती. एंदाहनं मग ॲपच्या दुकानाच्या पोटात साठलेला गाळ काढला. तिनं तसंच सांगितलं, "गाळ काढते." तरी नाही. शेवटी तिनं कुठेतरी खोल जाऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बू, फोनमध्ये सुई ठेवायलाही जागा नाही. नवीन ॲप उतरायचं कुठे? दारातूनच परत जातंय बिचारं. काय भरून ठेवलंय एवढं? हे बघा! लेबारान, लेबारान, लेबारान. ही मशीद, हे नारळीच्या पानातल्या भाताचं चित्र, हा नाचणारा चंद्र. बू, ईद होऊन दीड महिना झाला! हे सगळं तुम्ही उघडलंही नाहीये."

"उघडून काय करू? सगळ्यांनी एकच लिहिलंय. 'उघड आणि मनातल्या चुकांची माफी असावी.' शाळेतल्या मास्तरापासून गॅसच्या टाकीवाल्यापर्यंत. टाकीवाल्यानं माझं काय मनातलं वाकडं केलंय? त्याच्या मनात टाकीशिवाय दुसरं काही नसतं."

एंदाह हसली. "मग ॲप सगळंच काढून परत घालते. दोन मिनिटांचं काम."

"आणि विबोवोनं पाठवलेलं? पोरीच्या पहिल्या पावलांचं ते चालतं चित्र?"

"जाईल ते. राखीव प्रत कुठाय बघते... नाहीच. जागाच नाही तर प्रत कुठे ठेवणार तो!"

"मग हात लावू नकोस. सावकाश कर."

"सावकाश करायचं तर एकेक निवडून टाकावं लागेल. हे बघा, नावावर बोट दाबून धरायचं. असं. खूण झाली की ही कचऱ्याची टोपली. टाकण्याआधी जरा बघत चला हं, कामाचं काही असलं तर." आणि एंदाह अर्ध्या वेणीकडे परत गेली.

बू वार्सिनी ओसरीवर मांडी घालून बसली आणि मुळं निवडावीत तशी निवडायला लागली. सडकं इकडे, चांगलं तिकडे. पण बोट दाबून धरायचं तिला साधेना. धरायच्या आधीच बोट उचललं जाई आणि निरोप उघडे. मग मागे यायचं, परत दाबायचं, नीट धरायचं, टोपली. उघड, मागे ये, धर, टाक. हळूहळू हात बसला. मजाही वाटायला लागली.

"हा बँकेतला. गेला. ही भिशीची सेक्रेटरी, नाचता चंद्र. गेली. हे कोण? नंबर ओळखीचा नाही, वर गुलाबाचं चित्र. बाई गं, केवढा मोठा! पुस्तकच उतरवून काढलंय. 'उघड आणि मनातल्या...' झालं, तेच. जेवढा लांब तेवढा उसना." धरला, टाकला.

दुपारपर्यंत फोन हलका झाला. एंदाहनं पट्टी दाबली. गोल फिरला, हिरवी रेघ सरकत सरकत टोकाला गेली आणि ॲप उघडलं, नवं कोरं. संध्याकाळी विबोवो उगवला.

"आई, आज चेहरा स्पष्ट दिसतोय तुझा!"

"दिसणारच. घर झाडलंय आज."

त्या आनंदात तिनं एक गोष्ट मनातून बाजूला सारली होती, ती अशी.

मुर्सियाह यंदा हजला निघाली होती. नाव लावल्याला इतकी वर्षं झाली होती, की लावलं तेव्हा तिचा नवरा जिवंत होता. मुर्सियाह पलीकडच्या वाडीतली, बू वार्सिनीपेक्षा चार पावसाळे मोठी, तिची 'म्बाक्यू', मोठी बहीण, रक्ताची नव्हे पण त्याहून जवळची. केंचूर किती भिजवायचं, तांदूळ किती भाजायचा, टोपली बांधताना गाठ खांद्यावर कुठे यायला हवी म्हणजे पाठ मोडत नाही, हे सगळं तिनंच शिकवलेलं. परकर-पोलक्यातून नुकती निघालेली वार्सिनी, मुर्सियाहची 'सिनी', तिचं बोट धरून रात्रीच्या बसनं जकार्ताला गेली. मांगाराईच्या रेल्वेरुळांलगत एका खोलीत दोघी राहिल्या, एका चटईवर निजल्या. लग्नं झाली, पोरं झाली, दोघी गावी परतल्या, तरी एकीची चूल दुसरीला परकी नव्हती.

आणि ते तुटलं एका लग्नघरात. लग्न गावच्या मुख्याच्या मुलीचं. आसपासच्या बायका रीतीप्रमाणे रांधायला जमल्या होत्या. ढीगभर कांदे, वाफ, हशा. बू वार्सिनीनं सगळ्यांना आपला तांदूळ-केंचूरचा जामू दिला. मुर्सियाहनं एक घोट घेतला, ओठ चाटले आणि मोठ्यानं म्हणाली, "काय गं सिनी, यात केंचूर कमी आणि कारखाना जास्त लागतोय!"

सगळ्या जणी फिस्सकन हसल्या. बू वार्सिनीही हसली. मग घरी आली आणि पुन्हा मुर्सियाहच्या दारात गेली नाही.

खोटं असतं तर तिथल्या तिथे चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. पण ते खरं होतं. नवरा अंथरुणाला खिळलेला, रात्र त्याची कूस बदलण्यात जायची. पहाटे वाटायला हात उचलत नसत, म्हणून ती डब्यातली तयार पूड मिसळत होती. आणि हे मुर्सियाहला माहीत होतं. बू वार्सिनीच्या घरी येऊन तिनं स्वतःच्या डोळ्यांनी ते पाहिलं होतं. माहीत असून बोलली, याचं बू वार्सिनीला लागलं. नवरा गेला, नात चालायला लागली, अबोला तसाच. ईदला घरोघर जाऊन माफी मागायची रीत. तेव्हा ती मुद्दाम वोनोगिरीला भावाकडे जाऊन बसे. मुर्सियाह येई, बंद दाराबाहेर थांबे, आणि पायरीवर केळी ठेवून परत जाई.

हजला जाणाऱ्यानं मागे कोणाचं मन दुखवून जाऊ नये. मुर्सियाहनं निरोपाचं जेवण घातलं, अख्खी वाडी जेवली. बू वार्सिनीनं एंदाहच्या हाती साखरेची पिशवी धाडली, आपण गेली नाही.

"जायला हवं होतं, बू," एंदाह म्हणाली होती.

"मी का? बोलली ती. हजला निघालीय ती. गरज तिला. येईल की दारात."

"आणि नाही आली तर?"

"यावंच लागेल. कडू मन मागे ठेवून कोणी काबा बघायला जातं?"

मनातून ती वाट बघत होती. केळीच्या पानावर मांडायला तांदळाच्या वड्यासुद्धा करून ठेवल्या होत्या. ती आली की तोंड वाकडं करायचं, मग चहा टाकायचा, असं सगळं तिनं मनात लावून ठेवलं होतं. वड्या वातड झाल्या. नातीनं संपवल्या.

मग एका सकाळी बाजारात मुर्सियाहची सून आली. हार्नी. नेहमी "बुलिक, बुलिक" म्हणून हाक मारणारी, धाकटी मावशी म्हणून लाडानं बिलगणारी पोर. आज बाकड्यासमोर उभी राहिली ती ताठ.

"रानहळद द्या पावकिलो."

"आज 'बुलिक' नाही वाटतं? जिभेला फोड आलाय?"

"आई सकाळीच गेल्या. दोनोहुदानला, हाजींच्या वसतिगृहात. आज मुक्काम, उद्या दुपारी विमान."

बू वार्सिनीचा तराजूवरचा हात थांबला. "गेली? न भेटता गेली?"

हार्नीनं तिच्याकडे असं पाहिलं, की बू वार्सिनीला आपण काहीतरी भलतंच बोललो असं वाटलं.

"न भेटता? बुलिक, ईदला आल्या तर तुमच्या दाराला कुलूप. मग सगळा रमजानभर लिहिलेलं तेवढं पाठवून दिलं त्यांनी तुम्हाला. तुम्ही उघडत नव्हता. त्या रोज बघायच्या, दोन राखाडी खुणा. म्हणायच्या, सिनीला वेळ नसेल. आणि परवा खुणा निळ्या झाल्या. वाचलंत तुम्ही. आम्ही सगळे खूश. दिवसभर फोन पदराखाली घेऊन बसल्या होत्या, नमाजालासुद्धा शेजारी. आता उत्तर येईल, आता येईल. काही नाही. मग मला म्हणाल्या, 'बरं. वाचलं ना तिनं? मग बरं.' आणि बॅग भरायला लागल्या."

"काय पाठवलं? मला काही..."

"नव्या नंबरवरनं. हजसाठी घेतलाय तो. वर गुलाबाचं चित्र आहे."

बू वार्सिनीच्या तराजूतली रानहळद घरंगळली. गुलाबाचं चित्र. बाई गं, केवढा मोठा. जेवढा लांब तेवढा उसना.

"काय लिहिलं होतं त्यात?" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

हार्नी चमकली. "तुम्ही वाचलं नाही?"

"तू सांग आधी, काय होतं?"

"मला काय माहीत! मी म्हणत होते, मी लिहून देते. नाही म्हणाल्या. बोलून पाठवा म्हटलं, तर म्हणाल्या आवाज फुटतो. एका बोटानं लिहायच्या, रात्रीची तारावीहची नमाज झाली की दोन-दोन ओळी. मध्येच रडायच्या. 'हे माझं मला लिहू दे,' म्हणायच्या." आणि मग हळूच, ताठपणा सोडून, "बुलिक, निळं कसं झालं मग?"

बाकडं शेजारणीच्या भरवशावर टाकून बू वार्सिनी घरी धावली. वाटेत एक चप्पल निसटली, तिनं वळूनही पाहिलं नाही.

एंदाहनं सगळं केलं. टोपली उलटीपालटी केली, फोनच्या खोल कप्प्यांत शिरली, राखीव प्रतीच्या पानावर जाऊन आली. तिथे लिहिलं होतं, शेवटची प्रत कधीच नाही.

"हे ओल्या कचऱ्यासारखं असतं, बू. गाडी घेऊन गेली." तिचे डोळे भरले. "मी शिकवलं तुम्हाला टाकायला. मीच जवळ बसायला हवं होतं."

"तू बघून टाक म्हणाली होतीस. रडू नकोस. तिला फोन लाव."

हार्नीकडून नंबर आणला, लावला. वाजला, वाजला, बंद झाला. हार्नी म्हणाली होतीच, आज तपासण्या, रांगा, फोन पिशवीत तळाशी असेल. मग बू वार्सिनी लिहायला बसली. काय लिहिणार? 'म्बाक्यू, मी वाचलं नाही.' मग निळ्या खुणा? 'म्बाक्यू, चुकून गेलं.' तुझं रमजानभराचं रडणं मी टाकीवाल्याच्या निरोपासोबत फेकलं, हे लिहायचं? तिनं 'म्बाक्यू' एवढंच लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

"उद्या सकाळी स्कूटर काढ," ती म्हणाली. "तिथेच जाऊ."

दोनोहुदानच्या कुंपणाशी जत्रा होती. हाजींना बाहेर यायची परवानगी नाही, नातलगांना आत जायची नाही. त्यामुळे लोखंडी गजांच्या दोन्ही बाजूंनी माणसं चिकटलेली. गजांतून हात जात होते, तळलेल्या सुकटीचे डबे जात होते, तान्ही बाळं उचलून दाखवली जात होती. आतल्यांचे सगळ्यांचे सदरे एकाच बातिकचे. लाऊडस्पीकरवरून जथ्यांचे नंबर पुकारत होते.

"आता यातून तुमची म्बाक्यू कशी ओळखायची?" एंदाह टाचा उंच करत म्हणाली. "सगळ्या सारख्याच."

"चालीवरनं ओळखीन. डाव्या पायावर जोर देते. टोपली त्या बाजूला असायची."

आणि ओळखली. मुर्सियाह सावलीतल्या बाकावर पाणी पीत होती. बू वार्सिनीनं गज धरले आणि जकार्ताच्या गल्लीत "जामू!" म्हणून द्यायची तशी खड्या आवाजात हाक दिली, "म्बाक्यू!"

मुर्सियाहनं मान वर केली. इकडे तिकडे पाहिलं. मग बाटली तिथेच टाकून, डाव्या पायावर जोर देत, जमेल तेवढ्या घाईनं आली.

"सिनी? तू? या उन्हात? डोक्याला काही गुंडाळायचं तरी."

"तू नको सांगू. तिकडे किती ऊन आहे माहितीय? तुझे गुडघे कसेत?"

"गुडघे काय, आहेत तिथेच." तिनं गजांतून हात बाहेर काढला आणि बू वार्सिनीची पिवळी बोटं धरली.

"मी पाहिलं," मुर्सियाह म्हणाली. "निळं झालेलं पाहिलं मी. वाचलंस."

आता. बू वार्सिनी घरापासून एक वाक्य घोळवत आली होती. म्बाक्यू, मी वाचलं नाही, माझ्या हातून गेलं, तू आता तोंडानं सांग. शब्द जिभेच्या टोकाशी होते. पण समोरचा चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा, आणि मागे लाऊडस्पीकर कुठल्यातरी जथ्याला बसमध्ये चढायला सांगत होता.

"हो," ती म्हणाली. "वाचलं."

"सगळं? शेवटपर्यंत?"

"सगळं."

"मग उत्तर का नाही दिलंस गं? माझ्या जिवाचं काय झालं असेल तीन दिवस!"

"असल्याचं उत्तर फोनवर देतात होय? म्हणून तर आले."

डोळे पुसायला मुर्सियाहला हात हवा होता, पण तिनं तो सोडवून घेतला नाही. खांद्यालाच डोळे पुसले. "मला वाटलं, शेवटचं वाचून तू माझं तोंड बघणार नाहीस."

"काय बोलतेस! ते लग्नघरातलं मी कधीच..."

"लग्नघरातलं नव्हे. ते तर जिभेला हाड नाही म्हणून निघालं. ते माफ केलंस ठाऊक आहे. शेवटचं म्हणतेय मी. मांगाराईचं. खोलीतलं." तिची पकड घट्ट झाली. "तेही माफ?"

शिट्टी झाली. मुर्सियाहच्या जथ्याचा नंबर पुकारला. एक स्वयंसेवक हात हलवत येत होता, "आजी, चला, चला, बस भरली!"

"तेही," बू वार्सिनी म्हणाली.

"मनापासून? सिनी, मी तिथे जाऊन काय तोंडानं मागू नाहीतर? मनापासून म्हण."

"मनापासून."

मुर्सियाहनं तिचा हात ओढून गजांमधूनच कपाळाला लावला. मोठीनं धाकटीचा हात कपाळाला लावायची रीत कुठेच नाही. बू वार्सिनीला काहीतरी बोलायचं होतं, आपलंही सांगायचं होतं. पण तोंडातून बाहेर आलं ते एवढंच, "म्बाक्यू, उघड आणि मनातल्या चुकांची माफी असावी." टाकीवाल्यानं लिहावं तसं.

"वेडी," मुर्सियाह म्हणाली. रडता रडता हसली. आणि स्वयंसेवकाचा आधार घेऊन गेली. चाल हलकी होती, डावा पायसुद्धा.

परतीच्या वाटेवर एंदाहनं एका टपरीशी स्कूटर थांबवली. गार चहाचे दोन पेले घेतले. बू वार्सिनीनं पेला हातात धरून ठेवला.

"बोललात ना? झालं ना सगळं?"

"खोटं बोलले. वाचलं म्हटलं."

एंदाह घोट गिळायचा विसरली. "बरं केलंत," ती म्हणाली. "हलक्या मनानं गेल्या त्या. परत आल्या की विचारा."

"काय विचारू? मी तुला काय माफ केलं ते सांग, म्हणू? मग तिला कळेल मी वाचलंच नव्हतं. म्हणजे तिथे जाऊन तिनं जे मागितलं, ते माझ्या थापेच्या जोरावर." तिनं मान हलवली. "नाही गं. ते दार आता आतून बंद झालं."

"असेल काहीतरी बारीकसारीक. पोरी होतात तुम्ही."

"तेच बघतेय आठवून. ती खोली. एक चटई, एक पाटा, एक खिळा. माझी निळी ओढणी नाहीशी झाली होती तिथून. ती असेल, तर जाऊ दे, ती तिला शोभायची. माझी दोन गल्ल्यांतली गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली होती. ते असेल, तर तेही जाऊ दे, तिला दोन भावंडांची शाळा होती." रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला, धूळ बसली. "आणि माझी आई गेली तेव्हा."

"तेव्हा काय?"

"गावाहून माणूस निरोप घेऊन आला होता. आई अंथरुणाला लागलीय, सिनीला लगेच पाठवा. मी फेरीवर होते, म्हणून तो त्याच दिवशी खोलीवर म्बाक्यूला सांगून गेला असं त्यानं मला नंतर सांगितलं. म्बाक्यूकडून मला निरोप मिळाला तो उशिरा. पोचले तेव्हा माती ओली होती. मी त्याच्यावरच राग धरला, आयुष्यभर. म्हटलं, मेल्यानं खोटं सांगितलं, आधी कुठेतरी ताडी पीत बसला असेल. त्याच्या मयतालाही गेले नाही मी." तिनं पेला खाली ठेवला. "सणाचे दिवस होते. माल सगळा वाटून भरलेला. एकटीनं विकला गेला नसता. दोघी लागत होतो."

एंदाह म्हणाली, "दुसरंच काही असेल, बू."

"असेल."

"खरंच असेल."

"असेल गं. ओढणीच असेल." बू वार्सिनीनं पदरानं कपाळ पुसलं. "पण ते आईचं असतं ना, न्दुक, पोरी, आणि मी वाचलं असतं, तर मी कुंपणापर्यंत आलेच नसते. तिला तसंच जाऊ दिलं असतं. आणि आता मी मनापासून म्हणून बसलेय."

एंदाहनं स्कूटर चालू केली. बू वार्सिनी मागे बसली आणि तिनं सुनेच्या कमरेला हात घातला.